रोनाल्डोला पहिल्यांदा मैदानात उतरवणारा दाताचा डॉक्टर – लाझ्लो बोलोनी

कोपऱ्यातली_किक

परवा ऑफिसात क्विझ होती, त्यात प्रश्न आला की क्रिस्टियानो रोनाल्डोला सीनियर टीममधून पहिल्यांदा कुठल्या कोचने खेळवलं? आमच्या टेबलावर सहाच्या सहा जण एका सुरात "फर्ग्युसन!" (मँचेस्टर युनायटेडचा तेव्हाचा कोच.) मीपण. चूक. उत्तर होतं लाझ्लो बोलोनी. नाव ऐकल्यावर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले, एकजण म्हणाला ही इटलीतल्या त्या बोलोन्या शहराची टीम आहे ना.

घरी आल्यावर सहज बघायला बसलो आणि रात्रीचे दोन कधी वाजले कळलं नाही. हा माणूस म्हणजे एक अजब प्रकरण आहे राव. जन्म ११ मार्च १९५३, गाव तर्नवेनी, रोमानियातल्या ट्रान्सिल्व्हेनियात. पण घरची भाषा हंगेरियन, म्हणजे रोमानियातला अल्पसंख्याक. पासपोर्टवर लादिस्लाऊ, घरात लाझ्लो. सतराव्या वर्षापासून तर्गू मुरेश नावाच्या शहरात आर्मीच्या क्लबकडून खेळायला लागला आणि एकाच क्लबात चौदा वर्षं काढली, चारशेच्या आसपास मॅचेस. आणि खेळता खेळता दातांच्या डॉक्टरकीचा कोर्सपण पूर्ण केला!

मग १९८४ ला बुखारेस्टच्या स्टेआउआ क्लबकडे. १९८५, ८६, ८७ सलग तीन लीग. मधल्या ८६ मध्ये युरोपियन कप, म्हणजे आताची चॅम्पियन्स लीग. पूर्व युरोपातल्या टीमने तोपर्यंत तो कधीच जिंकला नव्हता. देशाकडून १०२ मॅच, २३ गोल, मिडफिल्डर असून. तेव्हाची वर्ल्ड चॅम्पियन असलेल्या इटलीला एप्रिल १९८३ मध्ये बुखारेस्टमध्ये १-० हरवलं, तो एक गोल ह्याचा, फ्री किकवर. नंतर ८४ च्या युरोत स्पेनविरुद्धपण गोल.

आणि मग कोच म्हणून फ्रान्स, पोर्तुगाल, परत फ्रान्स, अबू धाबी, बेल्जियम, ग्रीस, कतार, सौदी, परत बेल्जियम, परत ग्रीस, परत फ्रान्स. मुंबईतल्या भाडेकरूने दर अकरा महिन्यांनी खोली बदलावी तसं.

मला धागा काढावासा वाटला तो एका वेगळ्याच कारणासाठी. ह्याच्या करिअरची जितकी पानं उलटतोय तितकं एकच दिसतंय, ताटं हा मांडतो आणि पंगत बसायच्या वेळी हा दुसऱ्या गावाला निघालेला असतो. कोणी ह्याच्या टीम्स प्रत्यक्ष पाहिल्यात का? लिहा.

---

शाहूपुरीचा_शूटर

लई भारी धागा भावा. आम्ही कोल्हापूरवाले, आमच्याकडं शाहू स्टेडियमवर तालमींची मॅच असली की शाळेला दांडी ठरलेली, त्यामुळं फुटबॉल म्हटलं की आमचा हात वर.

ती ८६ ची फायनल मी पूर्ण बघितलीय, अर्थात नंतर रेकॉर्डिंग. सेव्हिया, ७ मे, समोर बार्सिलोना, स्टेडियम बार्सिलोनावाल्यांनी भरलेलं. १२० मिनिटं ०-०, खरं सांगतो झोप येते. पण पेनल्टी! जगात असली पेनल्टी शूटआउट परत झाली नसंल. पहिली स्टेआउआच्या माजारूची, अडवली. बार्सिलोनाचा अलेसांको आला, दुकादामनं अडवली. मग दुसरी मारायला कोण? तुमचा बोलोनी.

तेहतीस वर्षांचा माणूस, देशाकडून इतक्या मॅच खेळलेला, टीममधला सगळ्यात शिकलेला, आता हा काय चुकतोय. आणि बार्सिलोनाच्या उरुतीनं ती पण अडवली राव. ते चालत परत येणं बघा कधीतरी. पेनल्टी चुकलेल्या माणसाला सेंटर लाइनपर्यंतचं अंतर मैलभर वाटतं, आम्ही तालमीकडून खेळताना एकदा अनुभवलंय, पेठेत आठ दिवस तोंड दाखवलं नव्हतं.

पण ह्याचं नशीब बघा. गोलात दुकादाम उभा होता. त्यानं चारच्या चार अडवल्या. लकातुश आणि बालिंतनं आपापल्या घातल्या, २-० नं कप. चुकलेली पेनल्टी कुणाच्या लक्षातपण राहिली नाही. दुकादाम बिचारा डिसेंबर २०२४ मध्ये गेला. चार पेनल्टी अडवून अमर झालेला माणूस.

---

दातकोरणी_ताई

फुटबॉलमधलं मला ओ का ठो कळत नाही, धाग्याच्या नावात दाताचा डॉक्टर वाचलं म्हणून आले :)

मी स्वतः डेंटिस्ट आहे, नाशिकला क्लिनिक. मला फक्त एवढंच म्हणायचंय की फर्स्ट डिव्हिजन खेळता खेळता हा कोर्स पूर्ण करणं म्हणजे खायचं काम नाही हो. आमच्या वेळी थिअरी एकवेळ रात्री जागून होते पण प्रॅक्टिकलचा कोटा असतो, इतक्या फिलिंग, इतक्या कवळ्या स्वतःच्या हाताने करून दाखवाव्याच लागतात, तिथे हजेरीला पर्याय नाही. हा प्राणी रविवारी मॅच खेळून सोमवारी सकाळी कोणाच्या तरी तोंडात वाकून बसलेला असणार. कमाल आहे.

अवांतर: खेळाडूंना माउथगार्ड का घालत नाहीत हा माझा जुना प्रश्न.

---

कोपऱ्यातली_किक

ताई दंडवत! हा अँगल माझ्या डोक्यातच आला नव्हता. तर्गू मुरेशला मेडिकलचं मोठं विद्यापीठ आहे, तेव्हा मैदान आणि कॉलेज एकाच गावात असल्याचा फायदा झाला असणार. शिवाय मला वाटतं त्या राजवटीत डिग्री हाताशी असणं ही एक प्रकारची विमा पॉलिसी होती. रोमानियाचा हुकूमशहा चाऊशेस्कूच्या काळात चांगल्या खेळाडूला परदेशात खेळायला सहजासहजी सोडत नसत, उमेदीची वर्षं देशातच काढायला लागायची. बोलोनीला बाहेर पडायला मिळालं ते १९८७ मध्ये, वय चौतीस! आधी ब्रसेल्सचा एक छोटा क्लब, मग फ्रान्समध्ये क्रेतेई, मग ऑर्लियाँ. युरोपियन चॅम्पियन माणूस फ्रान्सच्या खालच्या डिव्हिजनमध्ये. पण तिथेच तो फ्रेंच शिकला, आणि पुढच्या सगळ्या नोकऱ्यांचं मूळ त्या फ्रेंचमध्ये आहे असं माझं मत.

---

शंकेखोर

धागा चांगला पण थोडं थंड पाणी ओततो. रोनाल्डो इतका भारी होता की त्याला कोणीही उतरवलंच असतं. बोलोनी नसता तर दुसरा कोणी. आमच्या चाळीतल्या वॉचमनने पण उतरवलं असतं. ह्यात कोचचं कौतुक ते काय? आणि रोमानियन कोच म्हटलं तर लुचेस्कू. युक्रेनच्या शाख्तार क्लबला बारा वर्षं, आठ लीग, २००९ चा यूईएफए कप. बोलोनी त्याच्या पासंगालाही पुरत नाही.

---

मांडवीकाठचो

शंकेखोर, लुचेस्कूबद्दल वाद नाही. पण वॉचमनबद्दल आहे.

मी पणजीचा. आमच्याकडे जुन्या लोकांत पोर्तुगीज लीगचं वेड अजून आहे, माझा एक मामा कट्टर स्पोर्टिंगवाला आणि आजोबा बेन्फिकावाले (दोन्ही लिस्बनचे क्लब, एकमेकांचे वैरी), त्यामुळे २००१-०२ चा सीझन आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर खेळला गेला. त्या वर्षी बोलोनीने स्पोर्टिंगला लीग आणि कप दोन्ही दिले. ब्राझीलच्या जार्देलने एकट्याने लीगमध्ये ४२ गोल केले, युरोपात कोणाचेच एवढे नव्हते. कपच्या फायनललापण गोल त्याचाच. जार्देल असेल तर कोणीही जिंकेल असं तेव्हापण आजोबा म्हणायचे (बेन्फिकावाले ना).

पण त्याच टीममध्ये बोलोनीने क्वारेज्मा आणि उगो व्हियाना ही सतरा-अठरा वर्षांची पोरं खेळवली हो. लीग जिंकायच्या दबावात. भल्याभल्यांची छाती होत नाही. पोरगं भारी आहे हे ट्रेनिंगला सगळ्यांनाच दिसतं, पण शनिवारी टीम शीटवर त्याचं नाव लिहिताना हात थरथरतो तो कोचचा, वॉचमनचा नाही.

मग ऑगस्ट २००२. चॅम्पियन्स लीग क्वालिफायर, समोर इंटर मिलान. ०-० चालू आहे आणि सेकंड हाफमध्ये टोनिटोला काढून २८ नंबरचा एक हडकुळा पोरगा आत. वय १७. ही त्याची पहिली ऑफिशियल मॅच. दुसऱ्या लेगला, म्हणजे परतीच्या मॅचला, इंटर २-० जिंकली ती गोष्ट वेगळी. मामा तेव्हा म्हणाला होता केस बघ त्याचे, नूडल्स. आता तोच मामा सगळ्यांना सांगतो मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.

७ ऑक्टोबरला मोरेइरेन्सेविरुद्ध लीगमध्ये पहिले गोल, दोन. त्यातला पहिला बघाच. बॉल बराच मागे मिळतो, तो तिथून सुटतो तो सुटतोच, एका डिफेंडरसमोर पाय फिरवतो, आत घुसतो आणि गोलकीपर पुढे आल्यावर अलगद वरून. सतरा वर्षांच्या पोराला ते करायला जे वारं लागतं ते कोचने अंगात घातलेलं नसतं कबूल, पण निदान काढून घेतलेलं तरी नसतं.

---

शंकेखोर

बरं, वॉचमन मागे घेतो :)

पण मग पुढच्या वर्षी हाकललं का?

---

मांडवीकाठचो

कारण जार्देल. २००२-०३ मध्ये तो आतून पार ढासळला, सुरुवातीच्या मॅचेसना तर नव्हताच. व्हियानाला न्यूकासलला विकलेला. तिकडे पोर्तो क्लबात मोरिन्यो नावाच्या कोचचं वादळ उठलेलं. स्पोर्टिंग तिसरे. झालं, नारळ.

आता गंमत ऐका. जागेवर आले फर्नांडो सांतोस. ऑगस्ट २००३ मध्ये लिस्बनला स्पोर्टिंगच्या नव्या स्टेडियमचं उद्घाटन, पाहुणे मँचेस्टर युनायटेड, स्पोर्टिंग ३-१ जिंकले आणि रोनाल्डोने युनायटेडच्या डिफेन्सची अशी काही दैना केली की लगेच फर्ग्युसनने त्याला उचलला. ती मॅच जगाला पाठ आहे. तेव्हा बोलोनी फ्रान्समधल्या रेन क्लबला नव्या नोकरीवर रुजू झालेला. दोन-तीन महिन्यांचा फरक! म्हणून तुमच्या क्विझला सगळे फर्ग्युसन म्हणतात.

आणि अजून एक, त्यानंतर स्पोर्टिंगला लीग जिंकायला २०२१ उजाडलं. १९ वर्षं. मामाचे सगळे केस तेवढ्यात पिकले.

---

कोपऱ्यातली_किक

हेच तर म्हणत होतो मी! पंगत!

मधलं सांगतो पटकन. स्पोर्टिंगच्या आधी फ्रान्सात नान्सीला सहा वर्षं, १९९८ ला सेकंड डिव्हिजन जिंकून वर नेली, २००० ला परत खाली. मग रोमानियाचा नॅशनल कोच. इथे एक मिनिट थांबा. २००२ वर्ल्ड कपच्या क्वालिफायरमध्ये रोमानियाच्याच गटात हंगेरी. म्हणजे घरी हंगेरियन बोलणारा माणूस रोमानियाच्या बेंचवर आणि समोर हंगेरी. ह्याच्या तर्गू मुरेशमध्ये मार्च १९९० मध्ये रोमानियन आणि हंगेरियन लोकांत भर चौकात दंगली झालेल्या, माणसं मेलेली. त्याला दहा-अकरा वर्षंच झालेली. जून २००१ मध्ये बुखारेस्टला रोमानिया २-० जिंकली. त्या नव्वद मिनिटांत ह्या माणसाच्या पोटात काय चाललं असेल, मला खरंच कल्पना करवत नाही. आपल्याकडे सीमाभागातल्यांना थोडंफार कळेल कदाचित, पण तेही तेवढं नाही.

त्याच महिन्यात तो पोर्तुगालला गेला. टीम हाजीकडे (रोमानियाचा गाजलेला माजी खेळाडू) गेली आणि प्लेऑफमध्ये स्लोव्हेनियाकडून हरली.

रेनला २००५ मध्ये चौथा नंबर. अलेक्झांडर फ्राय त्या वर्षी फ्रान्सचा टॉप स्कोरर, २० गोल. मोनाकोत मात्र २००६ मध्ये ऑक्टोबरातच नारळ.

---

वऱ्हाडी_इन_अँटवर्प

अरे बाप्पा, हा धागा माया नजरेतून कसा सुटला! मी अँटवर्पात राहतो, मूळचा अकोल्याचा. बोलोनीले मी प्रत्यक्ष पाह्यलं आहे, साइडलाइनवर, पन्नास-साठ फुटांवरून.

आधी लिएजचं सांगतो, तेव्हा मी नव्हतो इथं पण इथले लोक अजून सांगतात. २००८-०९, स्टँडर्ड लिएज. शेवटच्या दिवशी गेंटमध्ये मॅच, स्टँडर्ड १-० पुढे, इंज्युरी टाइम संपत आलेला अन गेंटले पेनल्टी. मारणारा ब्रायन रुईझ. गोलकीपर सिनान बोलात, विशीतला पोट्टा. अडवली! त्यामुळं अँडरलेख्त अन स्टँडर्डचे पॉइंट सारखे झाले अन चॅम्पियन ठरवाले दोन वेगळ्या मॅच ठेवल्या. पहिली १-१, दुसरी लिएजमध्ये १-०, विट्सेलची पेनल्टी. बोलोनी चॅम्पियन. शाहूपुरीवाल्या भाऊ, ज्याची पेनल्टी ८६ मध्ये अडली त्याले २००९ मध्ये अडवलेल्या पेनल्टीनं तारलं, पाहा बरं.

त्याच बोलातनं त्या डिसेंबरात चॅम्पियन्स लीगमध्ये हॉलंडच्या एझेड क्लबविरुद्ध ९५ व्या मिनिटाले हेडरनं गोल केला. गोलकीपरनं! अन त्याच्यामुळं टीम युरोपा लीगमध्ये गेली, तिथं क्वार्टर फायनलपर्यंत पोचली. पण कोच कोण? बोलोनी नाही. तो फेब्रुवारीतच सोडून गेलता. घ्या, तुमची पंगत.

आता आमचं अँटवर्प. हा बेल्जियमचा सगळ्यात जुना क्लब, १८८० चा, पण तेरा वर्षं खालच्या डिव्हिजनमध्ये सडत होता. २०१७ ले वर आला अन बोलोनीले आणलं. तेव्हा तो ६४ चा. आमचं बोसाउल स्टेडियम म्हणजे तेव्हा एक बाजू नवी कोरी अन बाकी पडकं, टिनाचं छत. मी पहिल्यांदा गेलो ते डिसेंबरात, हातात फ्राइटचा (तळलेल्या बटाट्याच्या कापांचा) गरम कोन, वरून पाणी ठिबकते. हा माणूस लांब कोट घालून उभा, ना ओरडणं ना हातवारे. आमचा सेंटर फॉरवर्ड म्बोकानी, तो लिएजमध्येपण ह्याच्याचकडे होता, दहा वर्षांनी परत जमले दोघं. खेळ सुंदर होता का? नाही बा. मजबूत मागं उभं राहा, म्बोकानीकडे टाका, दुसरा बॉल उचला. बाजूचा बेल्जियन म्हातारा हर मॅचले शिव्या घालाचा अन जिंकल्यावर टाळ्या पण त्याच्याच जोरात. दुसऱ्या सीझनले चौथा नंबर अन युरोपचं तिकीट.

---

फॅक्टचेक_फडणीस

आणि २०२० मध्ये अँटवर्पला बेल्जियन कप जिंकून दिला ना त्याने? १९९२ नंतरची पहिली ट्रॉफी.

---

वऱ्हाडी_इन_अँटवर्प

नाही न भाऊ, तेच तर दुखणं आहे! फायनलपर्यंत नेलं त्यानं. मग आला कोरोना. फायनल लांबली अन मधल्या काळात ह्याचा करार संपला, क्लबनं वाढवला नाही. १ ऑगस्टले फायनल झाली, रिकाम्या स्टेडियममध्ये, ब्रुजविरुद्ध १-०, रेफाएलोव्हचा गोल. बेंचवर होता नवा कोच इव्हान लेको. मी घरी टीव्हीवर पाहत होतो, बायकोनं विचारलं जिंकले तरी तोंड कायले पाडलं.

मग त्याच महिन्यात गेंटनं बोलोनीले बोलावलं. २० ऑगस्टले नेमणूक अन १४ सप्टेंबरले नारळ. महिनासुद्धा नाही! अन जागेवर कोण? अँटवर्पात त्याचाच असिस्टंट होता तो, विम डे डेकर. आता बोला.

---

फॅक्टचेक_फडणीस

अरेरे. दुरुस्तीबद्दल आभार. हे माझ्याच नावाला शोभत नाही, आयडी बदलतो.

---

दातकोरणी_ताई

वाचतेय सगळं. मला एक कळलं नाही, एवढं सगळं झाल्यावर माणूस घरी का नाही बसला? पासष्ट-सत्तरचा, हातात डिग्री :) क्लिनिक टाकायचं सुखाने.

---

शंकेखोर

ताई, एवढ्या वर्षांनी त्याच्याकडून दात काढून घ्यायला तुम्ही बसाल का खुर्चीत?

---

कोपऱ्यातली_किक

ताई, बसला नाहीच तो घरी. आधी ग्रीसचा पानाथिनाइकोस, एक सीझनही पूर्ण नाही. आणि मग २०२२ मध्ये मेत्झ. फ्रान्सातल्या लोरेन भागात नान्सी आणि मेत्झ हे एकमेकांचे पक्के वैरी, आणि हा नव्वदच्या दशकात सहा वर्षं नान्सीचा माणूस! तरी घेतला त्यांनी. टीम नुकतीच सेकंड डिव्हिजनला घसरलेली. पहिल्याच वर्षी दुसरा नंबर काढून वर आणली. जॉर्जियाचा मिकाउताद्झे नावाचा पोरगा, त्याने २३ गोल केले. सत्तर वर्षांचा बोलोनी परत फर्स्ट डिव्हिजनच्या बेंचवर.

मग नेहमीचं. मिकाउताद्झेला हॉलंडच्या आयाक्सला विकला, तिथे तो बसून राहिला, जानेवारीत उसना परत आला आणि गोलांचा धडाका लावला, पण तोपर्यंत टीम तळाशी. शेवटी सेंत-एतियनशी प्लेऑफ. पहिला लेग १-२. दुसरा २ जून २०२४, घरच्या मैदानावर, नव्वद मिनिटांनंतर २-१, म्हणजे बरोबरी, एक्स्ट्रा टाइम, मेत्झचा एक माणूस कमी. पेनल्टीला दोन-तीन मिनिटं उरलेली आणि सेंत-एतियनच्या वाद्जीने घातला. मेत्झ खाली, बोलोनी बाहेर.

---

शाहूपुरीचा_शूटर

म्हणजे ह्या खेपेला पेनल्टीपर्यंत पोचूपण दिलं नाही गड्याला. काय राव.

---

मांडवीकाठचो

थांबा थांबा. मिकाउताद्झे म्हणजे तो युरो २०२४ वाला? आत्ता ट्यूब पेटली.

ती प्लेऑफ २ जूनला ना. २६ जूनला गेल्सनकिर्शनला जॉर्जिया विरुद्ध पोर्तुगाल होती, आमचं अख्खं घर टीव्हीसमोर. जॉर्जिया पहिल्यांदाच युरो खेळत होती आणि २-० जिंकली. पहिला क्वारात्स्खेलियाचा, दुसरा ५७ व्या मिनिटाला पेनल्टी, मारणारा मिकाउताद्झे. आणि त्या वेळी पोर्तुगालकडून मैदानात रोनाल्डो होता! थोड्या वेळाने त्याला काढला, चिडून बाटलीला लाथ मारत गेला तो.

दोन्ही बाजूंना ह्याचीच पोरं, एक २००२ चं, एक आत्ताचं. मामाला फोन लावतोय आत्ताच्या आत्ता.

---

वऱ्हाडी_इन_अँटवर्प

मामा काय म्हणले ते टाका इथं.

---

मांडवीकाठचो

म्हणाला, "कोण बोलोनी? तो जार्देलवाला?"